जिवाणूंकडून पाणी तपासून घेताना: नागपुरातल्या नवशिक्यांसाठी

जैवसंवेदक, म्हणजे पाण्यातलं विष जाणवलं की खूण देणाऱ्या जिवाणूंची नळी, पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो घरच्या नळाच्या पाण्यावर चालवून पाहिला. रीडिंग आलं ते डिस्टिल्ड वॉटरपेक्षाही कमी. अर्धा दिवस मी खूश होतो. संध्याकाळी नळीचा गढूळपणा मोजला तेव्हा उजेड पडला की आतले जिवाणू सकाळी होते तेवढेच आहेत, वाढलेच नाहीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतलेल्या माणसाला हे आठवू नये, याला काय म्हणावं!

त्या दिवसापासून प्रत्येक नव्या मुलाला मी आधी ही गोष्ट सांगतो आणि मग पिपेट हातात देतो. जिवाणू पाण्यातलं विष मोजत नाही. ते विष त्याच्या पेशीत शिरलं तर आणि तेव्हा तो स्वतः जिवंत असेल तर, त्याला काय जाणवलं ते सांगतो. या दोन ‘तर’वर लक्ष ठेवणं हेच या कामातलं निम्मं कौशल्य आहे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा एखाद्या प्रयोगशाळेत नव्यानं रुजू होऊन हे काम हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. नागपुरात पाण्याच्या तपासणीची परंपरा जुनी. आज आपण ज्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला नुसतं ‘नीरी’ म्हणतो ती १९५८ साली इथं सुरू झाली तेव्हा तिच्या नावात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी होती. नीरी हे नाव १९७४ चं. तेव्हा या विषयावर बोलायला माणसं शोधत पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

आधी यंत्रणा समजून घ्या

उदाहरण आर्सेनिकचं घेऊ, कारण शिकायला ते सर्वांत सोपं. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूकडे आर्सेनिकपासून बचाव करायची स्वतःची सोय असते. तिच्या जनुकांच्या तोंडाशी आर्सआर नावाचं एक प्रथिन डीएनएला चिकटून बसलेलं असतं, वाड्याच्या दिंडी दरवाजात राखणदार बसावा तसं. तो बसलेला असेपर्यंत आतली जनुकं बंद. पेशीत आर्सेनाइट (आर्सेनिकचं एक रूप) शिरलं की ते या राखणदारालाच धरतं, त्याचा आकार बदलतो, तो जागा सोडतो आणि दार उघडतं. मग आर्सेनिक बाहेर फेकणारा पंप तयार होऊ लागतो.

आपण करतो एवढंच, की त्याच दारामागे एक दिवा बसवतो. दार उघडलं की दिवा लागतो. हा दिवा म्हणजे रिपोर्टर जनुक.

राखणदार बदलला की विष बदलतं. पाऱ्यासाठी मर्आर, शिशासाठी पीबीआरआर, टोल्युईनसारख्या द्रावकांसाठी स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूतलं झायलआर, फिनॉलसाठी डीएमपीआर. यातले काही राखणदार चोख असतात, काही ढिले. झेडएनटीआर जस्तालाही उठतो, कॅडमियमलाही, शिशालाही. आर्सआर सुद्धा अँटिमनीला प्रतिसाद देतो. म्हणून ‘दिवा लागला’ याचा अर्थ लावताना त्या राखणदाराचा स्वभाव आधी वाचून ठेवावा.

ही कल्पना नवी नाही. नॅफ्थलीन दिसताच उजळणाऱ्या स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सचं काम १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. २००५ मध्ये व्हिएतनाममधल्या विहिरींचं भूजल आर्सेनिकसाठी अशाच जिवाणूंनी तपासलं गेलं. एडिंबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये तर दिव्याऐवजी पीएच बदलणारा आर्सेनिक संवेदक बनवला, म्हणजे साध्या पीएच मीटरवर उत्तर.

एक उलटा प्रकारही आहे, त्यात गल्लत करू नका. ॲलिव्हिब्रिओ फिशेराय हा समुद्री जिवाणू मुळातच चमकतो, त्यात काही बसवावं लागत नाही. विषारी पाण्यात टाकला की त्याचा उजेड कमी होतो. कोणतं विष, ते तो सांगत नाही. काहीतरी वाईट आहे एवढंच कळतं. तिथे जिवाणूचं मरणं हीच खूण असते. आपल्या पद्धतीत मात्र त्याचं मरणं हा धोका आहे, कारण मेलेला जिवाणू आणि स्वच्छ पाणी दोन्ही सारखेच काळोखे दिसतात.

दिवा कोणता निवडायचा

तीन दिवे प्रचारात आहेत. लक्स म्हणजे जिवाणूचा स्वतःचा उजेड. बाहेरून प्रकाश टाकावा लागत नाही, उत्तर लवकर येतं, पण ल्युमिनोमीटर हवा. लक्स घ्यायचाच असेल तर फोटोऱ्हॅब्डस ल्युमिनेसेन्स या जिवाणूतला घ्या. समुद्री जिवाणूचं एन्झाइम ३० अंशांच्या वर डळमळू लागतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये एसी बंद पडलेल्या खोलीत ३० अंश म्हणजे थंडी वाजायची वेळ.

जीएफपी हे जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन. त्यावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकाऊ आहे, पण फ्लुओरोमीटर लागतो आणि प्रथिन तयार होऊन चमकू लागायला वेळ जातो. लक्स आणि जीएफपी दोघांनाही ऑक्सिजन लागतो, त्यामुळे नळीचं झाकण घट्ट लावून ठेवलंत तर दिवा मिणमिणेल.

तिसरा लॅक-झेड, एका एन्झाइमचं जनुक. एक्स-गॅल हे रसायन घातलं की निळा रंग, ओएनपीजी घातलं की पिवळा. डोळ्यांनी दिसतं, साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येतं. कमी साधनांच्या कॉलेजसाठी माझी शिफारस हीच. फक्त ज्या जिवाणूत हे बसवलंय त्याचं स्वतःचं लॅक-झेड निकामी केलेलं हवं. शिवाय याची एक खोड आहे, तिनं मला तोंडघशी पाडलंय. ते पुढे सांगतो.

कागदपत्रं टाळू नका

जनुकीय बदल केलेले जिवाणू भारतात पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खालच्या १९८९ च्या नियमांत येतात. व्यवहारात याचा अर्थ असा: तुमच्या संस्थेत जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, असली पाहिजे आणि काम सुरू होण्याआधी ते तिच्या वहीत आलं पाहिजे. ई. कोलायचे प्रयोगशाळेतले वाण सर्वांत कमी धोक्याच्या गटात मोडतात हे खरं, पण म्हणून ते घराच्या गच्चीवर वाढवायची मोकळीक मिळत नाही. तुमच्या कॉलेजात समिती नसेल तर जिथे आहे तिथल्या मार्गदर्शकाशी जोडून घ्या. नागपुरात हे जमण्यासारखं आहे.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाका: सॅम्पल प्रयोगशाळेत आणायचं, जिवाणू नदीवर न्यायचा नाही. ‘फिल्डवरच टाकून पाहू’ असं कोणी म्हणालं तर त्याच्या हातून नळी काढून घ्या.

वाण मिळवायचा तर असं काम छापलेल्या संशोधकांना लिहावं, साहित्य-हस्तांतरणाचा करार करून ते पाठवतात. साधे यजमान वाण चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या संग्रहांतून मिळतात. वाण हाती आला की त्याच दिवशी ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवायचा साठा) करून उणे ८० मध्ये ठेवा. ‘उद्या करू’ म्हटलेला वाण प्लेटवर सुकून गेल्याचं मी दोनदा पाहिलंय, त्यातल्या एकदा तो माझाच होता.

सॅम्पल आणणं: इथेच बहुतेकांचं चुकतं

प्रत्येक जागेवरून दोन बाटल्या आणा. बाटल्या पॉलिथिनच्या, आधी १० टक्के नायट्रिक ॲसिडनं आणि मग डिस्टिल्ड वॉटरनं धुतलेल्या. प्यायच्या पाण्याची रिकामी बाटली चालणार नाही.

एका बाटलीत जागेवरच नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली न्या. ही मोठ्या यंत्रासाठी, म्हणजे मूलद्रव्यं अचूक मोजणाऱ्या आयसीपी-एमएससाठी. दुसरी तशीच, बर्फावर, त्याच दिवशी वापरायला. ही जिवाणूंसाठी. बाटल्यांची अदलाबदल झाली तर ॲसिडच्या बाटलीनं सगळे जिवाणू जागीच गारद होतील आणि तुम्हाला पाणी शुद्ध वाटेल. म्हणून ॲसिडच्या बाटलीच्या झाकणाला लाल टेप लावायची सवय ठेवा. शाई बर्फाच्या पाण्यात पुसली जाते, टेप राहते.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर आणखी एक भानगड. उपसल्यावर पाणी नितळ दिसतं, तासाभरात तांबूस होतं आणि बुडाशी गाळ बसतो. हा गाळ आर्सेनिकला धरून खाली नेतो. वरचं निवळ पाणी तुम्ही तपासलंत तर जिवाणूला काहीच भेटत नाही. अशा पाण्यात जागेवर थोडं ॲसिड घालून लोह विरघळलेलं ठेवावं आणि जिवाणूत मिसळण्याआधी पीएच पुन्हा ७ च्या आसपास आणावा. न विसरता, मोजून.

नळाचं पाणी असेल तर सोडियम थायोसल्फेटचे कण बाटलीत आधीच टाकून ठेवा, ते क्लोरीन संपवतं. माझ्यासारखं नंतर कळण्यात अर्थ नाही.

मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला हवं. नवतपा सुरू असताना कन्हानच्या काठावरून दुपारी सॅम्पल घेऊन दुचाकीवर शहरात येणं म्हणजे बाटली उकळून आणण्यासारखंच. सकाळी सहाला निघा, नऊच्या आत परत या. थर्माकोलच्या डब्यात आइसपॅक जास्तच ठेवा. बर्फ वितळून पाणी झालं आणि बाटल्या त्यात तरंगू लागल्या तर झाकणाशी गळती होते, तेव्हा बाटल्या झिपच्या पिशवीत घालून मग डब्यात.

तपासायचं कुठे

सराव करायचा तर चार वेगवेगळ्या स्वभावाची पाणी घ्या. एखाद्या तलावाचं, म्हणजे फुटाळा किंवा गोरेवाडा. नाग नदीचं. घरच्या नळाचं. आणि एका बोअरचं. आर्सेनिक कुठे सापडेल म्हणून नव्हे, तर प्रत्येक पाणी जिवाणूला वेगळा त्रास देतं म्हणून.

विषयाचं गांभीर्य मात्र लांबचं नाही. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं आपल्या शेजारी आहेत आणि कोळशाच्या राखेत आर्सेनिक, पारा यांच्यासारखी मूलद्रव्यं असतात. गोंदियाच्या पलीकडे, राजनांदगावच्या बाजूला कौडीकसा परिसरातल्या भूजलात आर्सेनिक असल्याचं गेल्या शतकाच्या अखेरीलाच नोंदलं गेलं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांचं दुखणं फ्लोराइडचं. त्यासाठी आर्सआरसारखा राखणदार चालत नाही. तिथे आरएनएचाच एक तुकडा फ्लोराइडला ओळखतो. त्याचा शोध २०१२ मध्ये लागला. ई. कोलाय फ्लोराइड झपाट्यानं बाहेर फेकतो, त्यामुळे तो बाहेर फेकणारं जनुक काढलेला वाण घ्यावा लागतो. किंवा पेशीच वगळून, तिच्यातली यंत्रणा तेवढी सुकवून नळीत ठेवायची. अशा सुक्या नळ्या कोस्टा रिकात प्रत्यक्ष पाण्यावर वापरून झाल्या आहेत. ज्यात पेशीच नाही ती मरण्याचाही प्रश्न नाही. यवतमाळकडच्या कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर मी याच वाटेनं जा म्हणेन.

तीन दिवसांचं काम

पहिल्या संध्याकाळी ग्लिसरॉल स्टॉकमधून लूपनं किंचित खरवडून एलबी या पोषक माध्यमाच्या अगर प्लेटवर रेघा ओढून पसरा (स्ट्रीक करा). प्लेटमध्ये वाणाला लागतं ते अँटिबायोटिक हवं, बहुधा ॲम्पिसिलिन, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. ते नसेल तर जिवाणू दिव्याचं प्लाझ्मिड (डीएनएचं सुटं कडं) टाकून देतो. विनाकारण ओझं कोण वाहील? प्लेट रात्रभर ३७ अंशांत.

प्लेट टाकताना कूलर बंद. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून दाराला चिकटवलंय. नागपूरच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा माणसाला कितीही सुखाची वाटली तरी ती बुरशीचे बीजाणू घेऊन येते. एका मे महिन्यात आमच्या सलग पाच प्लेटांवर जिवाणूंच्या क्रीम रंगाच्या ठिपक्यांशेजारी काळी-हिरवी मखमल उगवली होती. आम्ही माध्यम बदललं, अगर बदललं, ऑटोक्लेव्हचा दाब तपासला. शेवटी प्रयोगशाळेत झाडझूड करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘कूलरचं पाणी कवा बदलवलं जी?’ बदललं नव्हतं. तीन आठवडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी एक सुटी कॉलनी उचलून ५ मिलिलिटर एलबीमध्ये, अँटिबायोटिकसह, शेकरवर रात्रभर. यात विशेष काही नाही.

तिसऱ्या सकाळी खरा प्रयोग. रात्रीचं कल्चर ताज्या माध्यमात ५० पट पातळ करा आणि ६०० नॅनोमीटरवर ओडी (गढूळपणाचं माप) ०.३ च्या आसपास येईपर्यंत, साधारण दोन तास, वाढू द्या. जवान जिवाणू पटकन बोलतात. रात्रभर वाढून थकलेल्यांकडून उत्तर येत नाही.

इथे एक बारकावा. आर्सेनेट हे आर्सेनिकचं दुसरं रूप फॉस्फेटसारखं असतं आणि पेशीत शिरतं ते फॉस्फेटच्याच दारानं. जिवाणू धुवायला किंवा पातळ करायला तुम्ही फॉस्फेट बफर वापरलात तर दाराशी एवढी गर्दी होते की आर्सेनेटला आत जागाच मिळत नाही. फॉस्फेट कमी असलेलं, मॉप्स बफरचं माध्यम घ्या. प्रयोगशाळेत पीबीएसची, म्हणजे फॉस्फेट बफरचीच, बाटली हाताशी असते आणि हात आपोआप तिच्याकडे जातो, म्हणून त्या दिवशी ती कपाटात ठेवा.

तोवर स्टँडर्ड तयार करा. सोडियम आर्सेनाइटची पावडर विकत घेऊ नका. ते जहाल विष आहे, तोलताना उडतं, आणि नवशिक्यानं त्याच्या वाटेला जायचं कारण नाही. लिटरला १००० मिलिग्रॅमचं तयार द्रावण मिळतं. हातमोजे घालून त्यातलं ०.१ मिलिलिटर १०० मिलिलिटरपर्यंत भरा, झालं लिटरला १००० मायक्रोग्रॅम. त्यातलं १० मिलिलिटर पुन्हा १०० पर्यंत भरा, झालं १००. आता गणित सोपं: या १०० च्या बाटलीतून जितके मिलिलिटर घेऊन १०० पर्यंत भराल, तितके मायक्रोग्रॅम. ५, १०, २०, ५० करा आणि एक नुसतं पाणी, म्हणजे शून्य. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. तुमची वक्ररेषा १० च्या दोन्ही बाजूंना नीट उभी राहिली पाहिजे. ५०० ला दिवा झगझगीत लागतो याचं कौतुक कुणाला?

काचेच्या नळीत १ मिलिलिटर सॅम्पल आणि दुप्पट तीव्रतेच्या माध्यमातले १ मिलिलिटर जिवाणू. स्टँडर्डनाही अगदी हीच वागणूक द्या, म्हणजे निम्मं झाल्याचा हिशेब वेगळा करावा लागत नाही. प्रत्येकाच्या तीन नळ्या. झाकणं सैल, ३० अंशांवर हलत्या शेकरमध्ये दोन तास. मग रीडिंग घ्या, आणि लगेच त्याच नळीचा ओडीसुद्धा. उजेड किंवा रंग भागिले ओडी, हाच तुमचा आकडा. नुसता उजेड वहीत लिहिणाऱ्याची वही मी परत करतो.

कंट्रोल, म्हणजे खरं काम

आता ती लॅक-झेडची खोड. नाग नदीचं पाणी आम्ही पहिल्यांदा घेतलं तेव्हा नळ्या अशा निळ्या झाल्या की ५० मायक्रोग्रॅमचं स्टँडर्डही त्यांच्यापुढे फिकं. सोबतच्या मुलांनी फोटो काढले. मीही काढला. तेवढ्यात एकीनं विचारलं, ‘सर, यात आपले जिवाणू न टाकता नुसतं नदीचं पाणी ठेवलं तर?’ ठेवलं. तेही निळं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. नाग नदीत शहराचं सांडपाणी वाहतं. सांडपाण्यात कोलिफॉर्म जिवाणू असतात आणि त्यांच्याकडे लॅक-झेडचं तेच एन्झाइम असतं. किंबहुना पाण्यात कोलिफॉर्म आहेत का, हे शोधायची रंगाची पद्धत याच एन्झाइमवर चालते. आम्ही आर्सेनिकच्या नावाखाली शहराचा मैला मोजला होता.

म्हणून प्रत्येक सॅम्पलसोबत या जास्तीच्या नळ्या लावायच्याच. एक, सॅम्पल आहे पण आपले जिवाणू नाहीत. इथे रंग किंवा चमक आली तर ती पाण्याची स्वतःची. जीएफपीवाल्यांनी हिच्याकडे विशेष लक्ष द्यावं; सांडपाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही चमकतात, आणि यूव्ही दिव्याखाली तर कपडे धुण्याच्या पावडरमधला उजळपणा आणणारा पदार्थच निळसर दिसतो.

दुसरी, सॅम्पलमध्ये मुद्दाम ठरावीक आर्सेनिक मिसळलेली. लिटरला २० मायक्रोग्रॅमची भर पडेल असं मिसळा. आधी ५ दाखवणारं पाणी आता २५ च्या जवळपास दाखवायला हवं. १२ च दाखवलं तर त्या पाण्यातलं काहीतरी जिवाणूचा गळा दाबतंय, आणि मघाचे ५ सुद्धा खरे नाहीत.

तिसरी माझी आवडती. असा वाण, ज्याचा दिवा कायम लागलेलाच असतो, दाराला राखणदारच नाही. तो या पाण्यात टाका. त्याचाही उजेड कमी झाला तर पाणी जिवाणूंना मारतंय. नळाच्या पाण्याच्या वेळी ही एक नळी लावली असती तर माझा अर्धा दिवस वाचला असता.

नदीचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलं की बाहेरचे जिवाणू अडतात आणि निळ्याचा प्रश्न बराचसा सुटतो. पण गाळाला चिकटलेला धातूही फिल्टरवरच राहतो, तेव्हा तुम्ही मोजताय तो फक्त विरघळलेला भाग. वहीत तसं लिहा.

आकड्याचा अर्थ

शून्याच्या नळीतही थोडा उजेड असतो, बंद नळ टपकावा तसा. राखणदार अधूनमधून डुलकी काढतो. शून्याच्या निदान सात-आठ नळ्या लावा, त्यांची सरासरी काढा, तिच्यात प्रमाण विचलनाच्या तिप्पट मिळवा. त्याच्या खालचं काहीही ‘आढळलं नाही’ असंच लिहायचं, ‘नाही’ असं नव्हे.

आयसीपी-एमएसशी आकडा जुळला नाही म्हणून घाबरू नका. ते यंत्र ॲसिडनं मोकळं केलेलं सगळं आर्सेनिक मोजतं, जिवाणू फक्त आत शिरलेलं. जिवाणूचा आकडा कमी येणं स्वाभाविक. तो सातत्यानं जास्त येत असेल तर मात्र स्टँडर्ड तपासा, अँटिमनीचा विचार करा, जिवाणू न घातलेली नळी पुन्हा पाहा.

मी निकालाचे तीनच ढीग करतो: मर्यादेच्या स्पष्ट खाली, स्पष्ट वर, आणि मधले. पन्नास विहिरी असतील तर पन्नासही पाणी महागड्या यंत्राला पाठवायची ऐपत कुठल्याच छोट्या प्रकल्पाची नसते. वरचे आणि मधले सगळे पाठवायचे, खालच्यांतले चार-पाच पडताळणीसाठी. या पद्धतीचा खरा उपयोग हाच आहे. जिवाणूच्या भरवशावर अंतिम अहवाल देणाऱ्याशी मी वाद घालेन.

आवरताना

वापरलेल्या प्लेट आणि कल्चर १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा, कचऱ्याला अर्धा तास तरी द्या. आर्सेनिक घातलेल्या नळ्यांचं तसं नाही. ऑटोक्लेव्ह जिवाणू मारतो, आर्सेनिक तिथंच राहतं. त्या नळ्यांत हायपोक्लोराइट घालून जिवाणू मारा आणि द्रव वेगळ्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये साठवा. हायपोक्लोराइट घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. कॅन भरला की संस्थेच्या घातक कचऱ्याबरोबर जातो. बेसिनमध्ये ओतलेलं शेवटी नाग नदीलाच मिळतं.

विहीरवाल्याला काय सांगायचं

कामठीच्या बाजूला एका शेतातल्या बोअरवर आम्ही सॅम्पल घेत होतो. मालक बाजूला उभे. ‘काय पाहून राहिले भाऊ? पाणी खराब हाय काय?’ मी सांगितलं, अजून माहीत नाही, कळलं की येतो. प्रयोगशाळेत तीन नळ्यांनी ९, ११ आणि १४ दाखवलं, म्हणजे मर्यादेच्या दोन्ही बाजूंना. सोबतच्या मुलानं फोन हातात घेतलाच होता. मी त्याला थांबवलं. अशा आकड्यावर ‘आर्सेनिक निघालं’ म्हणालो असतो तर तो बोअर गावात कायमचा बदनाम झाला असता, आणि ‘काही नाही’ म्हणालो असतो तर तेही खोटंच.

लाल टेपची बाटली यंत्राला गेली. अहवाल यायला दोन आठवडे लागले. आर्सेनिक ६, लोह भरपूर. आमच्या तीन नळ्यांत एवढी फारकत का पडली ते तेव्हा लक्षात आलं: लोहाचा गाळ प्रत्येक नळीत कमी-जास्त गेला होता, त्याच्या तांबूस रंगानं रीडिंगच फुगलं होतं. रंग सगळा जिवाणूंचाच, असं आम्ही धरून चाललो होतो.

अहवालाची झेरॉक्स घेऊन पुन्हा गेलो. त्यांनी आकड्यांवर बोट ठेवत विचारलं, ‘मंग हे सहा म्हंजे प्यावं का नाही?’ मर्यादा १० ची आहे, हे सहा आहे, पिऊ शकता. लोहामुळे भांडी लाल होतात तेवढ्यासाठी गाळणी बसवा, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मला पुन्हा एक बाटली भरू द्या, असं मी म्हणालो. त्यांनी कागदाची घडी केली आणि मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत, वायरींच्या मागे खोचून ठेवली.